दंत-पोर्सिलेनची घडणप्रक्रिया, अंतर्रचना आणि बळ : एक चिकित्सक अभ्यास

गोषवारा :

दंत-पोर्सिलेनचे बळ सांगताना द्रव्याचे नाव आणि त्यापुढे मेगापास्कलमधील एक आकडा, अशी मांडणी पाठ्यपुस्तके, उत्पादकांची माहितीपत्रके आणि पदव्युत्तर प्रबंध यांत रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा केली आहे. भुकटी कालवणे, थर घट्ट बसवणे, भाजणे, थंड करणे, घासणे व झिलई देणे या प्रत्येक टप्प्यावर पोर्सिलेनची अंतर्रचना बदलते आणि तिच्याबरोबर बळही बदलते. बळाचा आकडा हा द्रव्य, घडण व चाचणी या तिन्हींचा संयुक्त परिणाम असतो. घडणीचा तपशील वगळून तो उद्धृत करणे शास्त्रीयदृष्ट्या सदोष आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : दंत-पोर्सिलेन, सच्छिद्रता, ल्यूसाइट, झिलई, झिर्कोनिया, वाकणबळ, वायबुल मापांक.

प्रस्तावना :

एकाच चिखलाची मडकी एकाच आव्यात भाजली, तरी त्यांतील एखादे खणखणीत वाजते आणि एखादे बद्द. कुंभाराला याचे नवल वाटत नाही. माती किती मळली, मडके किती वाळले, आव्यात ते कडेला होते की मध्यभागी, यांवर त्याचे आयुष्य ठरते हे तो जाणतो. दंतवैद्यकात वापरले जाणारे पोर्सिलेन याच कुळातले आहे. बोलीभाषेत ‘कॅप’ म्हणून ओळखला जाणारा दाताचा क्राउन भाजूनच तयार होतो. मात्र त्याच्या बळाची चर्चा करताना कुंभाराचे हे साधे ज्ञान बहुधा बाजूला राहते.

पारंपरिक दंत-पोर्सिलेनमध्ये फेल्डस्पार सुमारे ७५ ते ८५ टक्के, क्वार्ट्झ १२ ते २२ टक्के आणि केओलिन ही पांढरी माती जेमतेम ३ ते ५ टक्के असते. केओलिन वाढवल्यास पोर्सिलेन अपारदर्शक होते व दातासारखे दिसत नाही. म्हणून नावाने ही चिनीमाती असली, तरी स्वभावाने ती काच आहे. काचेचे गुण तिच्यात आहेत आणि काचेचा ठिसूळपणाही आहे. दाब ती उत्तम सहन करते, परंतु ताण तिला सोसवत नाही.

प्रचलित कोष्टकांत साध्या फेल्डस्पारयुक्त पोर्सिलेनचे वाकणबळ, म्हणजे वाकवताना तुटण्यापूर्वी सहन झालेले कमाल प्रतिबल, ६० ते ७० मेगापास्कल, लिथियम डायसिलिकेटचे ३५० ते ४०० आणि झिर्कोनियाचे ९०० ते १२०० असे दिलेले आढळते. ही कोष्टके चुकीची नाहीत. प्रश्न असा आहे की, त्यांतील आकडा नेमका कोणाचा? भुकटीचा, भट्टीतून निघालेल्या चकतीचा, की रुग्णाच्या तोंडात बसलेल्या क्राउनचा? या तिन्ही वस्तू एकच आहेत असे मौनपणे गृहीत धरले जाते. या गृहीतकाची तपासणी करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. नावे द्रव्यांची, इतिहास प्रक्रियांचा :

दंत-पोर्सिलेनचा इतिहास नवनव्या द्रव्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अधिक बारकाईने पाहिल्यास तो घडणपद्धतींचा इतिहास ठरतो. पॅरिसमध्ये १७७४ च्या सुमारास औषधविक्रेते अलेक्सी ड्युशातो यांनी पोर्सिलेनची कवळी करण्याचा प्रयत्न केला आणि दंतवैद्य निकोला द्युबुआ द शेमाँ यांनी तो पुढे नेला. त्यांच्यापुढील मोठी अडचण भाजताना होणाऱ्या आकुंचनाची होती. डेट्रॉइटचे चार्ल्स लँड यांनी प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सिलेन भाजून क्राउन तयार करण्याची पद्धत रूढ केली आणि १९०३ मध्ये तिची मांडणी केली. हे क्राउन देखणे होते, परंतु सहज तुटत.

१९६२ मध्ये वाइनस्टीन व सहकाऱ्यांच्या एकस्वांमुळे धातूवर पोर्सिलेन भाजणे शक्य झाले. पोर्सिलेनमध्ये ल्यूसाइट या स्फटिकाचे प्रमाण राखून त्याचे औष्णिक प्रसरण धातूच्या जवळ नेणे, हे त्यामागील तत्त्व होते. १९६५ मध्ये मॅक्‌लीन व ह्यूज यांनी काचेत अ‍ॅल्युमिनाचे कण मिसळून गाभ्याचे बळ साध्या पोर्सिलेनच्या जवळपास दुप्पट केले. पुढे अ‍ॅल्युमिनाचा सच्छिद्र सांगाडा आधी भाजून त्यात वितळलेली काच झिरपवण्याची पद्धत आली. त्यानंतर तापवलेली काच-सिरॅमिक साच्यात दाबून भरण्याची आणि संगणकाच्या साहाय्याने ठोकळा कोरण्याची पद्धत आली.

या क्रमात अ‍ॅल्युमिना, ल्यूसाइट, काच ही द्रव्ये पुनःपुन्हा येतात. बदलत जातो तो त्यांना एकत्र आणण्याचा मार्ग. अ‍ॅल्युमिना काचेत विखुरलेले असताना एक बळ मिळते आणि त्याचा सलग सांगाडा उभारून त्यात काच झिरपवली असता कितीतरी अधिक मिळते. कोष्टकात मात्र या दोन्ही नोंदी दोन भिन्न ‘द्रव्ये’ म्हणून अवतरतात आणि प्रक्रिया अदृश्य होते.

२. दोष आणि बळ : सैद्धांतिक भूमिका :

ठिसूळ पदार्थाचे बळ त्यातील सर्वांत घातक दोषावर अवलंबून असते, हे ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या संदर्भात दाखवून दिले. दोष चौपट मोठा झाला की बळ निम्मे होते. फेल्डस्पारयुक्त पोर्सिलेनचा चिवटपणा सुमारे ०.९ मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर धरला आणि पृष्ठभागावर अर्धवर्तुळाकार भेग कल्पिली, तर १०० मायक्रोमीटर खोल भेगेस सुमारे ७० मेगापास्कल बळ येते. हीच खोली २५ मायक्रोमीटरवर आणली, तर ते सुमारे १४५ होते. द्रव्य तेच, रासायनिक घटक तेच, तरीही बळ दुप्पट. १०० मायक्रोमीटर म्हणजे साधारणतः माणसाच्या जाड केसाची जाडी. लगद्यात अडकलेला हवेचा एखादा बुडबुडा एवढा सहज असू शकतो.

या साध्या गणितातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. चिवटपणा हा बऱ्याच अंशी द्रव्याचा व त्याच्या स्फटिकरचनेचा गुण असून तो बळाची कमाल मर्यादा ठरवतो. त्या मर्यादेच्या आत प्रत्यक्ष नमुना कोठे उभा राहील, हे त्यातील दोष ठरवतात आणि दोष घडणीतून येतात. कितीही कुशल हातांनी घडवले तरी साधे पोर्सिलेन झिर्कोनियाची बरोबरी करणार नाही. परंतु निष्काळजी घडण कोणत्याही द्रव्याला त्याच्या योग्यतेपेक्षा फार खाली आणू शकते.

३. भुकटीपासून भट्टीपर्यंत :

कारखान्यात फेल्डस्पार व अन्य घटक वितळवून तो रस पाण्यात ओतला जातो. एकाएकी थंड झाल्याने काच तडकते, मग ती दळून भुकटी केली जाते. दंत-प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ ही भुकटी पाण्यात किंवा विशिष्ट द्रवात कालवतो, कुंचल्याने थर देतो, हलके कंपन देऊन कण जवळ आणतो आणि वर आलेले पाणी टिपून घेतो. कण एकमेकांजवळ ओढले जातात ते मुख्यतः पाण्याच्या पृष्ठताणामुळे. त्यामुळे थर अर्धवट वाळू देणे आणि मग पुन्हा ओला करणे, यात हवा अडकण्याची शक्यता वाढते. भुकटीतील कण वेगवेगळ्या आकारांचे असल्यास लहान कण मोठ्या कणांमधील पोकळ्या भरतात. सर्व कण एकाच आकाराचे असतील, तर पोकळ्या अधिक राहतात.

भाजल्यानंतर या लगद्याचे आकारमान सुमारे ३० ते ४० टक्क्यांनी घटते. हे आकुंचन मूळच्या पोकळ्यांचे व पाण्याचे माप आहे. लगदा जितका सैल, तितके आकुंचन जास्त आणि आत राहून जाणारे बुडबुडेही जास्त. कालवण्याचे प्रमाण हा म्हणूनच किरकोळ तपशील नाही. २००० मध्ये फ्लेमिंग, शाइनी व मार्क्विस यांनी मिश्रणामुळे निर्माण होणाऱ्या चढउतारांचा संबंध थेट चकत्यांच्या वाकणबळाशी आणि प्रयोगशाळेतील चाचणीच्या विश्वासार्हतेशी जोडला. त्या अभ्यासाचे महत्त्व त्याने विचारलेल्या प्रश्नात आहे. हाताने कालवलेल्या दोन घाण्यांमध्येच जर फरक पडत असेल, तर दोन उत्पादनांमधील म्हणून सांगितलेला फरक कितपत खरा मानावा?

४. भाजणी आणि निर्वात :

ओला लगदा एकदम भट्टीत ढकलला, तर आतील पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. म्हणून तो काही मिनिटे भट्टीच्या तोंडाशी वाळवला जातो. तापमान वाढू लागले की कणांच्या कडा मऊ होतात, ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यामधील पोकळ्या बंद होऊ लागतात. या अवस्थेत हवा बाहेर पडली नाही, तर ती कायमची कोंडली जाते.

या अडचणीवर निर्वात भाजणीने उत्तर दिले. व्हाइन्स व सेमेलमन यांनी १९५७ मध्ये दंत-पोर्सिलेनच्या घनीकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हवेत भाजलेल्या पोर्सिलेनमध्ये पाच-सहा टक्क्यांपर्यंत आढळणारी सच्छिद्रता निर्वात भाजणीने एक टक्क्याच्याही खाली आणता येते. मात्र येथेही केवळ ‘निर्वात भट्टी वापरली’ एवढी नोंद पुरेशी नसते. कणांच्या कडा जुळण्यापूर्वी निर्वात निर्माण व्हावा लागतो, अन्यथा हवा आधीच बंदिस्त झालेली असते. कमाल तापमानास तो सोडावा लागतो. त्या क्षणी बाहेरील वातावरणाचा दाब मऊ काचेवर पडतो आणि उरलेले बुडबुडे आक्रसतात. निर्वात लांबवला, तर तेच बुडबुडे फुगतात. एकाच भट्टीत, एकाच भुकटीपासून, केवळ या वेळापत्रकाच्या फरकाने दोन भिन्न अंतर्रचना निर्माण होतात.

अपुरी भाजणी कणांमधील सांधे कच्चे ठेवते. अति भाजणीने आकार ढासळतो, कडा गोलावतात आणि वारंवार भाजल्यास काही पोर्सिलेनमध्ये काचेचे पुन्हा स्फटिकीभवन होऊन दुधाळपणा येतो. एक क्राउन पूर्ण होईपर्यंत अपारदर्शक थर, मुख्य थर, दुरुस्ती आणि झिलई अशा अनेक भाजण्या होतात. चाचणीसाठी केलेली चकती मात्र पुष्कळदा एकदोनदाच भाजलेली असते. तिचा औष्णिक इतिहास क्राउनच्या इतिहासाशी जुळत नाही.

५. थंड होण्याची गती आणि ल्यूसाइटचे वर्तन :

भाजणीइतकेच थंड करणेही निर्णायक आहे, परंतु अहवालांत त्याला एखादे वाक्यही क्वचितच मिळते. ल्यूसाइटचा स्फटिक सुमारे ६२५ अंश सेल्सिअसच्या वर घनाकार असतो. त्याखाली येताना तो चतुष्कोणी होतो आणि या स्थित्यंतरात त्याचे आकारमान सुमारे १.२ टक्क्यांनी घटते. सभोवतालची काच तितकी आकुंचन पावत नाही. परिणामी स्फटिकांभोवती सूक्ष्म भेगा पडतात. स्फटिक बारीक व समप्रमाणात विखुरलेले असतील तर या भेगा कमी राहतात, मोठे व पुंजक्यांत असतील तर वाढतात.

मॅकर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी दाखवले, की थंड करण्याच्या गतीनुसार ल्यूसाइटचे प्रमाणही बदलते. मंद गतीने थंड केल्यास ते वाढते. धातूवर भाजलेल्या पोर्सिलेनच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. धातूचा प्रसरणांक पोर्सिलेनपेक्षा किंचित अधिक ठेवलेला असतो. थंड होताना धातू अधिक आकसतो आणि पोर्सिलेनवर दाब येतो. हा दाब पोर्सिलेनचे संरक्षण करतो. ल्यूसाइट वाढले की पोर्सिलेनचाही प्रसरणांक वाढतो आणि आखलेला समतोल बिघडतो.

झिर्कोनियाच्या गाभ्यावर चढवलेल्या पोर्सिलेनचे टवके उडण्याचा जो अनुभव एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सर्वत्र आला, त्याने हा मुद्दा पुन्हा समोर आणला. झिर्कोनिया उष्णतेचा मंद वाहक आहे. क्राउन भट्टीतून चटकन बाहेर काढला, की वरचा थर थंड होतो आणि आतील भाग बराच वेळ तप्त राहतो. स्वेन यांनी २००९ मध्ये या टवक्यांचे विश्लेषण करताना प्रसरणांकातील तफावत, वरील थराची जाडी आणि थंड होण्याची गती या तिन्हींचा एकत्र विचार केला. त्यांतील जाडी व गती या दोन गोष्टी सर्वस्वी घडणाऱ्याच्या हातात आहेत. तरीही आरंभीच्या चर्चेत दोष प्रामुख्याने द्रव्यांच्या जोडीकडे दिला गेला.

६. पृष्ठभागाचे संस्कार : परस्परविरोधी निष्कर्षांचा अन्वय :

झिलईमुळे पोर्सिलेन बळकट होते, ही समजूत पाठ्यपुस्तकांच्या अनेक आवृत्त्यांतून चालत आली. तिच्यामागील तर्क पटण्यासारखा आहे. झिलईचा प्रसरणांक कमी असेल तर पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि भेगा मिटून जातात. परंतु फेअरहर्स्ट व सहकाऱ्यांच्या १९९२ च्या अभ्यासात झिलईने बळ वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. नीट घासून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग झिलईची बरोबरी करू शकतो, असे मत त्यानंतर बळावले. जुने पुस्तक चूक आणि नवा प्रयोग बरोबर, असा याचा अर्थ लावणे घाईचे होईल. झिलई देण्यापूर्वी पृष्ठभागावर किती खोल ओरखडे होते, यावर झिलईचा लाभ अवलंबून असतो. खोल ओरखडे असलेल्या नमुन्यात तो दिसेल, आधीच गुळगुळीत असलेल्या नमुन्यात दिसणार नाही. घडणीचा पूर्वेतिहास नोंदवलेला नसेल, तर दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडून काढल्यासारखे भासतात.

असेच उदाहरण अ‍ॅल्युमिनाच्या कणांचा मारा करण्याचे आहे. कॉस्माच व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले, की अशा माऱ्याने झिर्कोनियाचे वाकणबळ वाढते, तर चाकावर घासल्याने ते घटते. माऱ्यामुळे पृष्ठभागावरील चतुष्कोणी स्फटिक एकनत स्फटिकांत बदलतात, त्यांचे आकारमान सुमारे ४ ते ५ टक्क्यांनी वाढते आणि पृष्ठभागावर दाब निर्माण होतो. २००४ मध्ये झँग, लॉन, रेकाउ व थॉम्पसन यांनी मात्र पुनःपुन्हा येणाऱ्या भाराखाली असा मारा दीर्घकालीन बळास हानिकारक ठरतो, असे दाखवले. माऱ्याने पडलेल्या सूक्ष्म भेगा एकाच झटक्यात दिलेल्या भाराखाली दबून राहतात आणि वारंवार चावण्याच्या भाराखाली हळूहळू वाढतात. दोन्ही अभ्यास आपापल्या ठिकाणी निर्दोष आहेत. रुग्ण मात्र एकदाच चावत नाही, तो वर्षानुवर्षे चावतो आणि तेही लाळेच्या ओलाव्यात. पाण्याच्या सान्निध्यात सिलिकेट काचेतील बंध ताणाखाली सावकाश तुटतात व पोर्सिलेनचे बळ कोरड्या चाचणीच्या तुलनेत सुमारे पाव हिश्श्याने घटू शकते. या दृष्टीने दुसरा अभ्यास रुग्णाच्या अधिक जवळ जातो, असे म्हणावे लागेल.

७. नवी द्रव्ये, जुना प्रश्न :

ठोकळा कोरण्याचे तंत्र आल्यावर हाताच्या घडणीचा प्रश्न संपला, असे काहींना वाटले. लिथियम डायसिलिकेटचा ठोकळा निळसर रंगाचा व अर्धस्फटिकी असतो. त्यात प्रामुख्याने मेटासिलिकेट असल्याने तो कोरण्यास मऊ असतो आणि त्याचे बळ सुमारे १३० मेगापास्कल असते. सुमारे ८४० ते ८५० अंशांवर भाजल्यानंतर त्यात डायसिलिकेटचे एकमेकांत गुंतलेले स्फटिक वाढतात, रंग दातासारखा होतो आणि बळ ३६० च्या आसपास जाते. त्याचे जवळपास दोन-तृतीयांश बळ दंतवैद्याच्या दवाखान्यातील छोट्या भट्टीत जन्माला येते. त्या भट्टीचे तापमान अचूक आहे की नाही, यावर ठोकळ्याच्या खोक्यावरील आकडा खरा ठरतो किंवा खोटा.

झिर्कोनिया अर्धवट भाजलेल्या अवस्थेत २० ते २५ टक्के मोठे कोरले जाते आणि १३५० ते १५५० अंशांवर पूर्ण भाजले जाते. तापमान व कालावधी वाढले की कण वाढतात. मोठे कण ओलाव्यात आपोआप रूपांतर पावू लागतात आणि पृष्ठभाग खवल्यासारखा होतो. याची किंमत वैद्यकाच्या दुसऱ्या शाखेने मोजलेली आहे. कृत्रिम खुब्याच्या सांध्यासाठी वापरलेले झिर्कोनियाचे सुमारे चारशे गोल २००१ च्या सुमारास अल्पावधीत तुटले. शोध घेता भाजणीची पद्धत बदलल्याचे आढळले. घाण्याघाण्याने भाजणाऱ्या भट्टीऐवजी सलग चालणारी बोगदाभट्टी आली होती आणि त्यानंतरच्या मोजक्या घाण्यांत झिर्कोनियाचे जरण वेगाने झाले. प्रचलित मानकांची पूर्तता करणारे तेच द्रव्य होते. भट्टी बदलली आणि शेकडो रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले.

अलीकडे पारभासक झिर्कोनियात यिट्रियाचे प्रमाण वाढवून घनाकार स्फटिक अधिक राखले जातात. ते दिसायला दाताच्या जवळ जाते, परंतु रूपांतराने मिळणारा चिवटपणा गमावते व त्याचे बळ पारंपरिक झिर्कोनियाच्या बरेच खाली असते. खोक्यावर दोन्हींचे नाव झिर्कोनियाच असते.

८. मोजमापाची चिकित्सा :

घडणीचा प्रभाव मान्य केला, तरी मोजमापच सदोष असेल तर तो दिसणार नाही. तीनबिंदू चाचणीत मोजक्याच भागावर कमाल ताण येतो, चारबिंदू चाचणीत तो अधिक भागावर पसरतो. जितका भाग मोठा, तितका मोठा दोष सापडण्याची शक्यता अधिक. त्यामुळे त्याच द्रव्याचे बळ पहिल्या चाचणीत जास्त दिसते. वायबुल यांच्या १९३९ च्या सांख्यिकीय सिद्धांतानुसार मापांक १० असल्यास, ताणाखालील आकारमान दसपट केले की बळ सुमारे पाचव्या भागाने घटते. मापांक ५ असल्यास ते सुमारे ३७ टक्क्यांनी घटते. पट्टीच्या कडांवरील ओरखडे वेगळाच घोळ घालतात, म्हणून चकतीची द्विअक्षीय चाचणी अनेकांनी पसंत केली.

सरासरी बळाची मर्यादा समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण उपयुक्त ठरेल. एका पोर्सिलेनचे वैशिष्ट्यबळ, म्हणजे ज्यावर सुमारे ६३ टक्के नमुने तुटतात ते प्रतिबल, १०० मेगापास्कल आणि मापांक ५ आहे. दुसऱ्याचे वैशिष्ट्यबळ ८० आणि मापांक १५ आहे. सर्वसाधारण तुलनेत पहिले सरस ठरेल. परंतु शंभरांतील पहिले पाच नमुने कोणत्या भाराला तुटतात असे विचारले, तर पहिल्याचे उत्तर सुमारे ५५ आणि दुसऱ्याचे सुमारे ६६ येते. रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते हे पहिले पाच. मापांक हा दोषांच्या एकसारखेपणाचा, म्हणजेच घडणीतील शिस्तीचा निदर्शक आहे. तो न देता केवळ सरासरी देणारा प्रबंध नेमका घडणीचाच पुरावा लपवतो.

जे. रॉबर्ट केली यांनी १९९९ मध्ये क्राउनवर पोलादी गोळी दाबून तो फोडण्याच्या चाचण्यांवर टीका केली. अशा चाचणीत भंग गोळीच्या संपर्कबिंदूपासून सुरू होतो. तोंडात निकामी झालेल्या क्राउनच्या भंगपृष्ठांचे निरीक्षण करता तो बहुधा आतील, सिमेंट लागलेल्या पृष्ठभागापासून सुरू झालेला आढळतो. ज्या चाचणीत भंगाचे स्थान वेगळे, तिचा आकडा कितीही मोठा असला तरी तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो. या टीकेचा घडणीशी थेट संबंध आहे. क्राउन दातावर नीट बसावा म्हणून आतील बाजू हिऱ्याच्या बरने खरवडली जाते, तिच्यावर कणांचा मारा केला जातो, आम्ल लावले जाते. ताण जेथे सर्वाधिक, तेथेच नवे दोष पेरले जातात. इझाबेल डेन्री यांनी २०१३ मध्ये घडणीतील इजा क्राउनच्या चिकित्सालयीन यशापयशावर कसा परिणाम करते, हा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला, ही स्वागतार्ह बाब होय.

प्रमाणित चाचणीच्या बाजूनेही एक सबळ युक्तिवाद आहे. सर्वांनी एकाच रीतीने तयार केलेले नमुने तपासले नाहीत, तर द्रव्यांची तुलनाच अशक्य होईल. दंत-सिरॅमिकसाठीच्या आय.एस.ओ. ६८७२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत उपयोगानुसार पाच वर्ग करून त्यांच्यासाठी ५०, १००, ३००, ५०० व ८०० मेगापास्कल अशी किमान वाकणबळे ठरवली गेली. हे मानक आवश्यकच आहे. मात्र ते द्रव्याची पात्रता ठरवते, क्राउनचे भवितव्य नव्हे. आदर्श घडणीत द्रव्य कोठपर्यंत पोहोचू शकते, एवढेच ते सांगते. चूक मानकात नाही, ते क्राउनवर जसेच्या तसे लादण्यात आहे.

९. तंत्रज्ञाचे अदृश्य स्थान :

या सर्व चर्चेत एक व्यक्ती सातत्याने अनुपस्थित राहते. भुकटी कालवणारा, थर देणारा, भट्टीचे वेळापत्रक लावणारा तंत्रज्ञ संशोधन अहवालांत बहुधा ‘उत्पादकाच्या सूचनेनुसार नमुने तयार केले’ या एका वाक्यात विरून जातो. भारतात १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने दंतवैद्यांबरोबरच डेंटल मेकॅनिक या वर्गाच्या नोंदणीचीही तरतूद केली होती. २०२३ मध्ये या अधिनियमाची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत झाला. कायद्याने ज्याला पाऊण शतकापूर्वी ओळखले, त्याला बळाच्या शास्त्राने अजून पुरते ओळखलेले नाही. क्राउन तुटला की रुग्ण दंतवैद्याला, दंतवैद्य द्रव्याला आणि उत्पादक हाताळणीला दोष देतो. घडणीची नोंदच नसल्याने यांपैकी कोणाचे म्हणणे खरे, हे ठरवण्यास आधार उरत नाही.

निष्कर्ष :

१. दंत-पोर्सिलेनच्या बळाची कमाल मर्यादा द्रव्य ठरवते. त्या मर्यादेतील प्रत्यक्ष स्थान मिश्रण, घट्टीकरण, भाजणी, थंड होण्याची गती व पृष्ठसंस्कार यांतून निश्चित होते.

२. झिलई व कणमारा यांविषयीचे परस्परविरोधी निष्कर्ष बऱ्याच अंशी नमुन्यांच्या पूर्वेतिहासातील आणि भार देण्याच्या रीतीतील फरकांमुळे उद्भवले आहेत.

३. संगणकीय कोरणीने घडणीचा प्रश्न संपवलेला नाही. तो कुंचल्याकडून बर व भट्टीकडे सरकला आहे.

४. बळाविषयीच्या कोणत्याही प्रबंधात द्रव-भुकटीचे प्रमाण, भाजण्यांची संख्या, निर्वात सोडण्याचे तापमान, थंड करण्याची रीत, पृष्ठभागाची अवस्था, चाचणीचे माध्यम आणि वायबुल मापांक यांची नोंद असावी. भंगाचा उगम कोठे झाला, हेही तुटलेल्या नमुन्यांवरून तपासले जावे.

५. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व सांख्यिकी या विषयांच्या अध्यापकांना दंतवैद्यकाशी सहकार्य करण्यास येथे मोठा वाव आहे. भट्टीचे तापमान पडताळणे, स्फटिकांचे क्ष-किरण विवर्तनाने मापन करणे आणि अल्प नमुन्यांच्या मांडणीची छाननी करणे ही कामे एका विद्याशाखेच्या आवाक्यातील नाहीत.

मडके हातात घेऊन टिचकी मारल्याशिवाय जाणते गिऱ्हाईक ते विकत घेत नाही. मातीचे नाव ऐकून त्याचे समाधान होत नाही, त्याला भाजणीचा आवाज ऐकायचा असतो. दंत-पोर्सिलेनच्या बळाचा आकडा वाचतानाही अभ्यासकाने हीच सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे.